परदेशात बसवलेली इम्प्लांटची दाढ हलतेय, इथे कुणी हात लावत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
खालच्या दाढेच्या जागी परदेशात इम्प्लांट करून घेतलं. आधी स्क्रू, मग तो हाडात रुजेपर्यंत काही महिने थांबून वरची कॅप. काम चोख होतं. पण हल्ली ती दाढ जिभेने ढकलली की किंचित गोल फिरते. दुखत नाही, फक्त कडेला अन्न अडकतं आणि ब्रश करताना थोडं रक्त येतं.

इथे दाखवायला गेलं की पहिला प्रश्न, "कुठल्या कंपनीचं?" माझ्या बिलावर नुसतं 'इम्प्लांट आणि क्राउन' लिहिलंय. एका डॉक्टरांनी तर दुसऱ्याच्या कामाची जबाबदारी घेत नाही, असं स्पष्टच सांगितलं. त्यांचंही बरोबर असेल, पण मी हे तोंड घेऊन जाऊ कुठे? तिकडचे म्हणतात, "या, फुकट करून देतो." विमान फुकट नाही ना!

तिकडून नेमकं काय मागवू? आणि इथे कोणाकडे जाऊ?

प्रतिसाद १
तोंडात न बघता निदान करणार नाही, पण न दुखता गोल फिरतेय म्हणजे बहुधा अबटमेंटचा (इम्प्लांट आणि कॅप यांना जोडणाऱ्या मधल्या तुकड्याचा) स्क्रू ढिला झालाय. हाडातलं इम्प्लांट घट्ट आहे ना, हे एक्स-रे काढून आणि हाताने तपासूनच कळेल. तोवर त्या बाजूने अजिबात चावू नका. ढिल्या स्क्रूवर जोर येत राहिला तर तो आतच तुटतो, आणि तो तुकडा काढणं म्हणजे डॉक्टर-पेशंट दोघांची परीक्षा.

कंपनी उगाच विचारत नाहीत. स्क्रूचं डोकं कुणाचं षटकोनी, कुणाचं चांदणीसारखं. भलता ड्रायव्हर घातला की खाचा झिजल्याच. घट्टही टॉर्क रेंचने (जोर मोजून पिळणाऱ्या पान्याने), कंपनीच्या आकड्याइतकंच करायचं. तो बऱ्याचदा २५ ते ३५ न्यूटन-सेंटीमीटर असतो.

मेलमध्ये कंपनी, मॉडेल, व्यास, लांबी, लॉट नंबर आणि अबटमेंटचा प्रकार मागा. इम्प्लांटच्या पाकिटावरचा स्टिकर सहसा पेशंटच्या फाइलला लावतात, त्याचाच फोटो मागितलात तर निम्मं काम होईल. कॅप बसवल्यानंतरचा एक्स-रे हवाच, नाहीतर हाड किती झिजलं हे कशाशी ताडून बघणार? स्कॅन असेल तर मूळ डायकॉम फाइल (स्कॅनचा पूर्ण डेटा असलेली) घ्या, स्क्रीनशॉट नको.

जा प्रॉस्थोडॉन्टिस्टकडे, म्हणजे कृत्रिम दात-कॅप बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे. फोनवरच सांगा, "जुन्या कामाची हमी मागत नाही, तपासणी आणि एक्स-रे हवाय."

धागाकर्ती
खूप आभार! कॅपच्या वर मधोमध फिलिंगसारखा गोल ठिपका दिसतोय. तो काय?

प्रतिसाद १
मग कॅप चिकटवलेली नाही, स्क्रूनेच बसवलेली दिसतेय, बरं झालं. त्या भरावाखाली बहुतेक टेफ्लॉन टेप असेल आणि तिच्याखाली स्क्रू. भराव काढला की थेट पोचता येतं, कॅप कापावी लागत नाही. मात्र सूज, पू किंवा ताप आला तर मेलच्या उत्तराची वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा.