मदत हवी आहे: बाबांच्या ठेवी अर्बन बँकेत आणि पतसंस्थेत अडकल्यात, काय करावं?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. बाबा ७४ वर्षांचे, खाणीवर सुपरवायझर होते. निवृत्तीचे सगळे पैसे त्यांनी ठेवींत घातले. परवा त्यांना ताप आला म्हणून मेडिक्लेमचे कागद शोधताना ठेव पावत्यांची पिशवी हाती लागली. साडीच्या दुकानाची पिवळी पिशवी, वर रबर, आत सात पावत्या.

एका अर्बन बँकेत ६ लाख ४० हजार आहेत, दोन शाखांत वाटलेले, पण सगळे बाबांच्या एकट्याच्या नावे. बाकीचे ९ लाख गावातल्या पतसंस्थेत. ती दीड टक्का जास्त व्याज देते, आणि पिग्मीवाला रोज संध्याकाळी दारात येतो, चहा पिऊन जातो. बाबांच्या लेखी ती घरचीच.

तिथली दोन लाखांची पावती मे महिन्यात पिकली. पैसे अजून मिळाले नाहीत. मॅनेजर आधी म्हणाला "पाऊस ओसरू दे", आता म्हणतो "चवथ होऊ दे". वर सांगतो, रिन्यू करा, पाव टक्का वाढवून देतो. मुद्दल परत द्यायला ज्याच्याकडे पैसे नाहीत, तो व्याज कुठून वाढवणार?

बाबांचं एकच पालुपद: "वर रिझर्व्ह बँक बसलीय ना? पाच लाखांचा विमा आहे." हे खरं आहे का? आणि संस्थेचा वार्षिक अहवाल मिळालाय, त्यात नेमकं काय बघायचं? मी शाळेत गणित शिकवतो, पण ताळेबंद बघितला की आंधळा होतो.

निवृत्त बँकवाला:
बाबांचं अर्धं खरं. विमा बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नाही. ठेव विमा महामंडळ बँकांचा विमा उतरवतं, हप्ता बँकच भरते, ठेवीदाराला काही द्यावं लागत नाही. पतसंस्थेला रिझर्व्ह बँकेचा परवानाच नसतो. तिच्यावर देखरेख सहकार निबंधकांची, गोवा सहकारी संस्था कायदा २००१ खाली. काउंटर तसाच, पासबुक तसंच, म्हणून लोक फसतात.

आता ६ लाख ४० हजारांचं. मर्यादा माणशी, बँकेमागे ५ लाख, मुद्दल आणि व्याज मिळून. फेब्रुवारी २०२० च्या आधी ती १ लाख होती. शाखा दोन असल्या तरी बेरीज एकच धरतात, म्हणजे तुमचे १ लाख ४० हजार आजच उघड्यावर आहेत, व्याज वेगळंच. त्याच बँकेत आई-बाबांच्या संयुक्त नावाने ठेवलेत तर त्याला वेगळे ५ लाख मिळतात, आईच्या एकटीच्या नावे आणखी वेगळे. नॉमिनी लावून मात्र मर्यादा वाढत नाही, हा गैरसमज मी काउंटरवर हजारदा खोडलाय. आणि ४ लाख ९० हजारांची ठेव करून निर्धास्त होऊ नका, वर्षभरात व्याज चढून ती पाचाच्या वर जाते.

गोव्याला हे नवीन नाही. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० साली रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ साली. मडगावच्या वेळी सुमारे ९९ टक्के ठेवीदारांची पूर्ण रक्कम विम्यातून मिळेल, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हाच सांगितलं होतं. ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तरी परवाना रद्द होईपर्यंत थांबावं लागत नाही, ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळायला हवेत. पतसंस्था बुडाली तर अवसायक (संस्था गुंडाळून देणी भागवणारा अधिकारी) नेमतात, कर्जं वसूल होतील तसे पैसे येतात. किती वर्षं, विचारू नका.

अहवालात नफा बघू नका. 'जिंदगी व येणी' (मालमत्ता) बाजूला 'येणे व्याज', म्हणजे कर्जदारांकडून यायचं राहिलेलं व्याज, शोधा आणि मागच्या वर्षाच्या आकड्याशी ताडून बघा. बँकेत हप्ता ९० दिवस थकला की कर्ज एनपीए (थकीत) होतं आणि त्यावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरता येत नाही. कर्ज तेवढंच आणि 'येणे व्याज' फुगत चाललं असेल, तर तो नफा कागदावरचा.

साखळीकर:
कर्ज कुणाला दिलंय तेही बघा. आपल्याकडे कितीतरी संस्थांनी टिप्परवर (खनिज वाहणाऱ्या ट्रकवर) कर्जं दिली. २०१२ ला खाणी बंद, मग थोड्या चालू, २०१८ ला पुन्हा बंद. टिप्पर अंगणात गंजले, हप्ते राहिले. सगळी अंडी खाणीच्या एकाच टोपलीत होती हो. आमच्या काकांचा टिप्पर अजून फणसाखाली उभा आहे, त्यात कोंबड्या बसतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. अहवाल काढून बसलो. कर्ज जवळपास तेवढंच, 'येणे व्याज' दोन वर्षांत दुप्पट. आणि पावती उलटी करून बघितली तर बारीक अक्षरात 'नाममात्र सभासद'. म्हणजे आमसभेत बाबांना मत नाही का?

निवृत्त बँकवाला:
नाही. २०२१ साली रिझर्व्ह बँकेनेच लोकांना सावध केलं होतं, की काही सहकारी संस्था नावात 'बँक' लावतात, नाममात्र सभासदांकडून ठेवी घेतात, आणि अशा ठेवींना विमा नाही. पिकलेल्या पावतीसाठी लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी बोलणं चहाबरोबर विरतं. पंधरा दिवस वाट बघून सहायक निबंधकांकडे तक्रार करा. रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ नका, पतसंस्था त्यांच्या कक्षेत येत नाही.

धागाकर्ता:
अर्बन बँकेतली एक पावती पुढच्या आठवड्यात पिकतेय, ती आई-बाबांच्या संयुक्त नावे करायला बाबा तयार झाले. पतसंस्थेचं अवघड आहे. अध्यक्ष चवथीला आमच्याकडे आरतीला येतात, त्यांना पोच कशी मागायची, म्हणतात. शेवटी ठरलं, अर्ज मी लिहायचा, सही बाबांनी करायची, आणि सोमवारी द्यायला मी एकट्यानेच जायचं. अर्जाचा मसुदा कुणाकडे असेल तर इथे डकवा.