साठ हजार हातात आहेत: व्हीआरचा दुसरा चष्मा घेऊ की तिसरा पीएस-फाईव्ह?

झोनवाला_जळगाव
जळगावात माझं छोटं गेमिंग झोन आहे. दोन पीएस-फाईव्ह (सोनीचा प्लेस्टेशन, टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल), एक म्हातारा पीएस-फोर, तीन टीव्ही, दोन फाटके सोफे, एक कूलर. गेल्या दिवाळीला हौसेने व्हीआरचा (व्हर्च्युअल रिअॅलिटी, डोळ्यांवर बांधला की चहूबाजूंनी गेमच दिसतो) एक हेडसेट आणला. कंपनीचं नाव सांगत नाही, मला भांडण नको, हिशेब हवाय. (आमच्याकडे सगळे त्याला चष्माच म्हणतात. 'हेडसेट द्या' असं अजून एकही पोरगं म्हणालं नाही.)

पीएस-फाईव्ह तासाला ऐंशी रुपये, चष्मा पंधरा मिनिटांचे शंभर. पहिला महिना रांग होती, खोटं कशाला सांगू. पोरं आली, पोरांचे बाप आले. शेजारच्या किराणावाल्या काकांना उंच इमारतीवरून बाहेर आलेल्या फळीवर चालायचा गेम लावून दिला. काका दोन पावलं चालले आणि गुडघ्यावर बसून माझी फरशी चाचपडायला लागले. अख्खं झोन हसून लोळलं. काका पुन्हा आले नाहीत. बाकीचेही फारसे आले नाहीत. संक्रांतीनंतर चष्म्याला दिवसाला दोन-तीन गिऱ्हाईकं, आणि तीसुद्धा 'पाहुणे आलेत, त्यांना जरा दाखवा' या छापाची.

आणि फिफावाली चार पोरं (फुटबॉलचा गेम, नाव २०२३ पासून एफसी झालंय, पण आमच्याकडे फिफा तो फिफाच) अजून रोज सहाच्या ठोक्याला हजर. हरला तो उठतो, दुसरा बसतो, उरलेले दोघं सोफ्यावरून शिव्या देतात. चष्मा घातला की एकटा खेळतो आणि बाकीचे त्याच्या तोंडाकडे बघत बसतात.

माझं मत झालंय की व्हीआर म्हणजे सारंगखेड्याच्या यात्रेतला पाळणा. मजा येते, पण पाळण्यात रोज कोण बसतं? साठेक हजार बाजूला काढलेत. माझं चुकत असेल तर सांगा, पैसे अजून दिलेले नाहीत.

शिरपूरचा_पोऱ्या
दादा, हिशेब बरोबर, निष्कर्ष चूक. पोहता न येणाऱ्याला पंधरा मिनिटं विहिरीत सोडून वर काढलं तर तोही परत येणार नाही.

मी पुण्यात शिकतो. आम्ही तिघांनी मिळून क्वेस्ट टू (व्हीआरचा चष्माच) घेतला, रूममेटच्या कॉम्प्युटरला जोडून 'हाफ-लाईफ: अलिक्स' खेळलो. गेम मार्च २०२० चा आहे, तरी असा दुसरा मला भेटला नाही. कपाट उघडायला बटण नाही, हात घालून दार ओढायचं. फळीवरचे डबे बाजूला सारून मागे काही आहे का बघायचं. समोरून काहीतरी चालून येत असताना बंदुकीत मॅगझिन भरायचं, आणि ते घाईत माझ्या हातून दोनदा खाली पडलं. रिमोटवर हे काम एका बटणाचं आहे. इथे घाम फुटतो.

किमतीचंही बघा. २०१६ मध्ये क्वेस्टवाल्याच कंपनीचा ऑक्युलस रिफ्ट ५९९ डॉलरला होता, वर तगडा कॉम्प्युटर वेगळा. २०२४ मध्ये क्वेस्ट थ्रीएस २९९ डॉलरला आला, त्याला ना कॉम्प्युटर लागतो ना टीव्ही. तिकडे पीएस-फाईव्ह अमेरिकेत ४९९ ला आला होता तो ऑगस्ट २०२५ मध्ये ५४९ ला गेला. कन्सोल जुना झाला की स्वस्त होतो, यावर आपण सगळे वाढलो. आता तो महाग होतोय. पाच वर्षांनी हाच धागा वर काढून बघू.

भुसावळकर
पाच वर्षांनी बघू हे मी २०१६ पासून ऐकतोय.

स्वस्त झालं की लोक घेतात असं असतं तर प्रत्येक घरात कॅरम असता. सोनीचा पहिला व्हीआर ऑक्टोबर २०१६ ला आला. जानेवारी २०२० मध्ये कंपनीनेच आकडे दिले: व्हीआर ५० लाख, पीएस-फोर १० कोटी ६० लाख. म्हणजे ज्यांच्या घरात कन्सोल आधीच होता, ज्यांना फक्त चष्मा घ्यायचा होता, त्यांच्यातही एकवीसात एक. दुसरा व्हीआर फेब्रुवारी २०२३ ला ५४९ डॉलरला काढला, तेव्हाच्या पीएस-फाईव्हपेक्षा महाग. घोड्यापेक्षा खोगीर भारी. पुढच्या वर्षी व्हीआरचे गेम बनवणारा लंडनचा स्टुडिओ त्यांनी बंद केला. कॉम्प्युटर गेमचं ऑनलाईन दुकान स्टीम, त्याच्या दरमहा पाहणीत व्हीआरवाले दोन टक्क्यांच्या आसपासच घुटमळतात.

फेसबुकने २०१४ मध्ये २ अब्ज डॉलरला ऑक्युलस कंपनी घेतली, २०२१ मध्ये स्वतःचं नावही बदलून मेटा केलं. या कामाच्या विभागाचा २०२४ या एका वर्षाचा तोटा १७.७ अब्ज डॉलर. आपल्याकडे केळीला भाव पडला की शेतकरी दोन वर्षांत पीक बदलतो. यांच्याकडे पैसा उतू चाललाय म्हणून शेत चालू आहे.

शिरपूरचा_पोऱ्या
त्या तोट्यात नुसता व्हीआर नाही, कॅमेऱ्यावाले साधे चष्मेही आहेत. आणि दोन टक्के फक्त स्टीमचे. क्वेस्टवर खेळणारे बहुतेक जण स्टीम उघडतही नाहीत, ते त्यात मोजलेच जात नाहीत.

भुसावळकर
बरं, चार टक्के धर. खूश?

मेहरूणकर_ताई
इथे सगळे पुरुष एकमेकांना आकडे सांगताहेत, म्हणून मधे बोलते. वय बेचाळीस, दोन मुलं. भावाने मुलांसाठी क्वेस्ट पाठवला, मुलं आठ दिवसांत कंटाळून मोबाईलवर परत गेली. आता तो माझा आहे.

एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. मेहरूण तलावावर चालायला जायचं तर पहाटे पाचला निघावं लागतं, आणि पाचला माझ्या घरी डबे असतात. मग दुपारी मुलं झोपली की हॉलमधला टीपॉय भिंतीला लावते आणि 'बीट सेबर' सुरू करते. गाण्याच्या ठेक्यावर ठोकळे उडत येतात, दोन्ही हातातल्या तलवारींनी ते कापायचे. अर्धा तास. दुसऱ्या दिवशी दंड उचलत नाहीत. सुरुवातीला सासूबाई दारातून बघून म्हणाल्या, 'हिला काय झालंय, माशा मारतेय का?' आता गाणं कुठलं लावायचं ते त्या सांगतात.

झोनवाले दादा, माझ्यासारखी बाई तुमच्या फाटक्या सोफ्यावर कधी येऊन बसणार होती का? मग तुमच्या गल्ल्यावरून व्हीआर चालतो की नाही, हे कसं ठरवता?

झोनवाला_जळगाव
ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. फाटके सोफे लिहायला नको होतं असंही वाटलं.

पण उन्हाचं तुम्हीच काढलंत म्हणून विचारतो: घाम? माझ्याकडे कपाळाला लागतो तो फोम तिसऱ्या गिऱ्हाईकाला ओला असतो. वरून रेक्झिनचं कव्हर घातलं, दर वेळी पुसतो, तरी पुढचा पोऱ्या बोटाने चेपून बघतो आणि म्हणतो, राहू दे भाऊ, फिफाच लावा. काचा वाफाळतात ते वेगळंच. अर्धा किलो वजन तोंडावर बांधायचं तर डिसेंबर बरा, मे नाही.

मेहरूणकर_ताई
मी एकटीच वापरते ना. आपला घाम आपल्याला चालतो.

चाळीसगाव_पॅसेंजर
मूळ अडचण कोणी बोलतच नाहीये. मळमळ.

मला कन्नडच्या घाटात एसटीत मोबाईल बघितला की तिसऱ्या वळणाला पिशवी लागते. कान सांगतो गाडी वळतेय, डोळा सांगतो समोरचं अक्षर जागच्या जागी आहे. व्हीआरमध्ये हेच उलटं. डोळा म्हणतो मी धावतोय, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय म्हणतं तू तर खुर्चीत बसलायस. दोघांचं भांडण, पोटाला शिक्षा. एका मॉलमध्ये व्हीआरचा कार रेसिंग लावला होता, चार मिनिटांत घेरी आली आणि संध्याकाळपर्यंत लिंबूपाणी. दोनशे रुपये देऊन घाट घरी आणायचा म्हणजे कमाल आहे.

शिरपूरचा_पोऱ्या
म्हणून तर नवख्याला रेसिंग लावायचं नसतं! ताईंच्या गेममध्ये माणूस एका जागी उभा असतो, ठोकळे त्याच्याकडे येतात. कान-डोळ्याचं भांडणच नाही. बरेच गेम चालण्याऐवजी बोट दाखवलं तिथे उडी मारून नेतात, ते याचसाठी. दोन डोळ्यांतलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, भिंगं त्या मापाला सरकवायची असतात, तेही दुकानवाले बघत नाहीत. झोनवाले दादा, खरं सांगा, तुम्ही सरकवता?

झोनवाला_जळगाव
रांग असताना नाही.

शिरपूरचा_पोऱ्या
बघा. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घालून वाचायला दिलंत आणि म्हणताय पुस्तक वाईट.

आणि अजून एक. लाईट गेली की तुमचे टीव्ही आणि कन्सोल मुके. चष्म्याला स्वतःची बॅटरी, दोनेक तास आरामात. आपल्या भागाला याच्याएवढी सोयीची वस्तू नाही.

झोनवाला_जळगाव
हे तू पुण्यात बसून बोलतोयस. चष्म्याच्या बाहेरचे कॅमेरे खोली बघून ठरवतात की तू कुठे उभा आहेस. लाईट गेली, शटर खाली, खोलीत अंधार. चष्मा चालू, पण आपण कुठे आहोत हे त्यालाच कळत नाही. मी टॉर्च धरून उभा राहिलो एकदा. पोरगं आत ठोकळे कापतंय आणि मी बाहेर लग्नातल्या गॅसबत्तीवाल्यासारखा.

आता एक कबुली देतो, चूक सर्वस्वी माझी. फेब्रुवारीत दुपारी चष्मा पुसून खिडकीत उलटा ठेवला आणि चहाला गेलो. लहानपणी भिंगाने कागद जाळायचो ना, तेच झालं. ऊन भिंगातून आतल्या पडद्यावर पडलं. आता डाव्या डोळ्याला कायम एक पिवळट ठिपका दिसतो, ज्वारीच्या दाण्याएवढा. 'उन्हात ठेवू नका' असं खोक्यावर चित्रासकट लिहिलं होतं. गिऱ्हाईकाला सांगतो, तो सूर्य आहे.

तापीकाठचा_आबा
काय भो, बठ्ठं वाचं मी. दोन्ही बाजू खऱ्या शेतस, पण वाद चुकीचा शे.

पहिलं कन्सोलचं सांगा. तुमच्या गावात किती घरांत पीएस-फाईव्ह आहे? आमच्या गावात दोन. एक सराफाकडे, एक डॉक्टरांकडे, आणि डॉक्टरांचा पोरगा कोट्याला गेल्यापासून त्यावर कापड टाकलंय. २०२१ च्या फेब्रुवारीत भारतात आला तेव्हा ४९,९९० रुपये होता, त्यात तेव्हा जुनी मोटारसायकल यायची. नव्वदच्या दशकात आम्ही पिवळ्या कॅसेटवर कॉन्ट्रा खेळलो, दुकानात तासाला पाच रुपये देऊन, कारण घरी घ्यायची ऐपत नव्हती. आजही तेच चाललंय, फक्त ऐंशी रुपये झाले. खान्देशात कन्सोल घराघरात कधी आलाच नाही, तो दुकानातच राहिला. घराघरात आला तो मोबाईल. पारावर बसलेली आठ पोरं बघा, आठही मान खाली घालून एकमेकांना मारताहेत.

जिओने २०२३ मध्ये १,२९९ रुपयांत मोबाईल घालायचा व्हीआर चष्मा काढला, आयपीएल बघायला. आमच्या नातवाने घेतला. दोन मॅच बघितल्या. म्हणे, आबा, मॅच चालू असताना मेसेज आला की कळत नाही. आता त्यात पेन ठेवतो.

भुसावळकर
आबा, हे माझ्याच बाजूचं झालं. मानेखालचा मोबाईल एका सेकंदात खिशात जातो. दारावर कोणी आलं, आईने हाक मारली, दूध उतू गेलं, लगेच उठता येतं. तोंड बांधून बसणं आपल्या घरात जमत नाही. निन्टेन्डोने १९९५ मध्ये डोळे खुपसून खेळायचा लाल पडद्याचा व्हर्च्युअल बॉय काढला होता, वर्षभरात गुंडाळला. पुढे थ्रीडी टीव्ही आले, २०१७ पर्यंत सोनी आणि एलजी दोघांनी बंद केले. डोळ्यावर काही चढवायचं म्हटलं की माणूस आळस करतो.

तापीकाठचा_आबा
तुझ्या बाजूचं कुठे? तुझा कन्सोलही मोडीत काढला मी.

शिरपूरचा_पोऱ्या
आबा एक नंबर 😂 पण व्हर्च्युअल बॉयशी तुलना म्हणजे बैलगाडी उलटली म्हणून मोटार नको म्हणण्यासारखं.

चाळीसगाव_पॅसेंजर
झोनवाले दादा, एक सांभाळा. क्वेस्टला दहा वर्षांखालची मुलं चालत नाहीत असं कंपनीच सांगते, सोनीच्या दुसऱ्या व्हीआरला बाराची अट आहे. सुट्टीत तुमच्याकडे सात-आठ वर्षांची येत असतील.

झोनवाला_जळगाव
येतात. उद्या पाटी लावतो.

ठरवलंय ते सांगतो. साठ हजारांचा तिसरा पीएस-फाईव्हच घेणार. फिफावाल्या पोरांनी दुसरं झोन बघितलं तर माझं भाडं निघणार नाही, आणि पोऱ्या, ते भाडं तू भरणार नाहीस. चष्मा विकणार होतो, तो मात्र ठेवतोय. ताई, रविवारी दुपारी दोन ते चार शटर अर्धं, पोरांना बंदी, फक्त बायकांना. ठोकळेवाला गेम, भिंगं मापाला सरकवून, प्रत्येकीला वेगळं कव्हर. अर्ध्या तासाचे साठ. तुमच्या भिशीत विचारून बघता का?

मेहरूणकर_ताई
विचारलं. पाचजणी तयार आहेत, एकीला घेरीची भीती आहे, ती नुसती बघायला येणार. कूलर चष्म्याच्या बाजूला वळवून ठेवा, खिडकीला पडदा लावा. आणि रविवारच्या आत ते सोफे शिवून घ्या.