मदत हवी आहे: दोन वेळांच्या सभांत एकच नोंद मंजूर कशी करायची?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातून एका जागतिक क्वेकर (ख्रिस्ती परंपरेतला एक पंथ) उपासना गटाचं मराठी काम बघतो. गटाची पुढची दिशा ठरवायची आहे: एकच सभा ठेवायची, की भाषेनुसार छोटे गट करायचे?

क्वेकर पद्धतीत मतदान नसतं. सगळे शांत बसतात, क्लार्क (म्हणजे सभा चालवणारा) सभेचा कल ओळखून निर्णयाची नोंद तिथल्या तिथे लिहितो, वाचून दाखवतो आणि सभा उठण्याआधीच ती मंजूर होते. घोडं अडतं ते इथेच. जूनमध्ये आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, तेव्हा नैरोबीत पाच, लंडनला दुपारचे तीन, पण सिडनीत रात्रीचे बारा. त्यामुळे सभा दोनदा घ्यावी लागते. दुसऱ्या सभेत एक शब्द जरी बदलला, तरी पहिलीची मंजुरी लटकते. व्हॉट्सॲपवर होकार गोळा करणं मला अजिबात पटत नाही. एकत्र शांत बसून ऐकणं हाच तर या पद्धतीचा गाभा आहे.

पहिली बैठक फक्त मोकळ्या चर्चेची आणि नोंद दुसरीतच, असं कुणी करून पाहिलंय का? पहिलीतले आक्षेप दुसरीत कोण मांडतं? असहमत असूनही निर्णय न अडवणाऱ्यांची नावं नोंदीत घालता का? मतदानाशिवाय संस्था चालवणाऱ्या इतरांनीही जरूर सांगा.