मदत हवी आहे: जुना लेथ आणि शेपर कोणाला द्यायचा? अर्जंट

खाडीकाठ:
काकांचं वर्कशॉप बंद करतोय, मालकाला या महिन्याअखेर शेड रिकामी हवीय. आत सहाफुटी लेथ (धातू फिरवून कातायचं मशीन), शेपर (धातू तासून सपाट करायचं मशीन), पिलर ड्रिल आणि बाकी सटरफटर. भंगारवाला येऊन गेला, किलोवर मागतोय, आणि बीड (ओतीव लोखंड) म्हणजे तो तिथेच घणाने फोडून नेणार, काकांच्या डोळ्यादेखत ते नको वाटतं. कामाला लावणारा असेल तर फुकटही देईन. कोणाला विचारू पटकन सांगा.

रापण:
अरे मशीन खय आसा ता तरी सांग मरे!

जुना_टर्नर:
कंपनी कुठली? मोटर सिंगल फेज की थ्री फेज? चालू आहे का? फोटो टाका.

खाडीकाठ:
राजापूर हो. पंजाबातल्या बटाल्याचा लेथ आहे, थ्री फेज, पट्ट्यावर (बेल्टवर) चालणारा. लाइट कापलीय, चालवून दाखवता येणार नाही.

शिरोलीकर:
चालू मशीन आणि बंद मशीन यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो, लाइट कापायच्या आधी व्हिडिओ तरी काढायचा. एचएमटी कंपनीचा असता तर फोनवर फोन आले असते. तरी कोल्हापुरात उद्यमनगरला जुन्या मशीनवाल्यांकडे विचारा.

घाटमाथा:
आणि अणुस्कुरा घाटातून न्यायचं भाडं कोण देणार? पावसात तिथे दरडी येतात.

शिरोलीकर:
मग आंबा घाटाने न्या, घाट काय एकच आहे का.

जेट्टीवाला:
घाटावर कशाला पाठवताय, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात विचारा. ट्रॉलरचे शाफ्ट करायला लेथ लागतोच.

जुना_टर्नर:
बेड (लेथचा लांब पाया) सहा फूट म्हणजे दोन सेंटरच्या मध्ये, काम धरायला, जेमतेम तीन-साडेतीन फूट, ट्रॉलरचा शाफ्ट बसवणार कुठे? बुश, पुली, पंपाची असली कामं करणाऱ्या गॅरेजवाल्याला द्या, त्याचं भागेल.

जेट्टीवाला:
सगळेच शाफ्ट लांब नसतात काका.

नवउद्योजक:
मुद्रा लोन काढून सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) घ्या, आता तेच चालतं.

रापण:
अहो ते धंदो बंद करतहत!

खाडीकाठ:
आयटीआयला दिलं तर?

घाटमाथा:
आमच्याकडे एका सरकारी संस्थेला ड्रिल द्यायला गेलो होतो, परवानगी आणि डेडस्टॉकची (संस्थेच्या सामानाच्या रजिस्टरची) नोंद यातच वर्ष गेलं. खाजगी संस्था बघा.

जुना_टर्नर:
कोणालाही द्या, पण बेडवर पोतं टाकून ठेवलं असेल तर आजच काढा. पोतं ओल धरतं आणि त्यात आपली खारी हवा, खाली लाल थर बसतो. बेड पुसून ग्रीस लावा. उचलताना पट्टा बेडखालून घ्या, लीड स्क्रूला (बेडच्या बाजूच्या लांब आट्यांच्या दांड्याला) अडकवला तर तो वाकलाच समजा. कॅरेज (हत्यार धरणारा सरकता भाग) टेलस्टॉककडे, म्हणजे मोकळ्या टोकाकडे, सरकवून लॉक करा म्हणजे तोल राहतो, हेडस्टॉकची (चक फिरवणारी) बाजूच जड असते.

खाडीकाठ:
पोतं आहे खरं. जातो आत्ताच. चक (काम पकडणारा भाग) चार जबड्यांचं आहे, चेंज गिअर (आटे पाडायला बदलायचे गिअर) सगळे डब्यात आहेत.

गॅरेज_लांजा:
गिअर सगळे असतील तर लेथ बघायला रविवारी येतो. चकजवळ बेड किती झिजलाय ते हाताने बघितल्याशिवाय काही बोलणार नाही. ड्रिलही घेईन. नंबर मेसेज करा. शेपर नको, ठेवायला जागा नाही.

खाडीकाठ:
केला. शेपर कोणी घेईल का? टेबल, व्हाइस (काम आवळून धरणारा शिकंजा) सगळं जागेवर आहे.

सुरंगी:
शेडमध्ये सागवानी कपाट वगैरे काही आहे का विकायला?