मदत हवी आहे: हाँगकाँगला आईबाबांसाठी हॉटेल – पेनिन्सुला, रिट्झ की मँडरिन?

केतकीबन

नमस्कार मंडळी,

आईबाबांच्या लग्नाला यंदा ५० वर्षं होताहेत. त्यानिमित्त मार्चअखेरीस त्यांना हाँगकाँगला न्यायचं मी आणि भावाने ठरवलंय. मुक्काम तीन-चार रात्री. एरवी आम्ही हॉटेलवर पैसे उधळणाऱ्यांतले नाही ("झोपायलाच तर जायचंय" हे बाबांचं ब्रीद), पण या वेळी हॉटेल हाच सोहळा असावा अशी इच्छा आहे.

यादी कापत कापत तीन नावांवर आले आहे: पेनिन्सुला, रिट्झ-कार्लटन आणि मँडरिन ओरिएंटल. आता डोकं चालेनासं झालंय. प्रत्येकाच्या परीक्षणात "सर्वोत्तम सेवा, सर्वोत्तम दृश्य" एवढंच लिहिलेलं असतं. मला खरा फरक हवाय.

आईचे गुडघे दुखतात, बाबा शुद्ध शाकाहारी आहेत आणि त्यांना जुन्या वास्तूंचं वेड आहे. विमान भल्या पहाटे उतरतं. "हार्बर व्ह्यू" खोलीसाठी बरेच जास्त पैसे मागतात, ते द्यावेत का?

---

खिडकीवाला

आधी हॉटेल नको, पाण्याची बाजू ठरवा. तुमच्या यादीतली पहिली दोन कौलूनच्या बाजूला, म्हणजे हार्बरच्या उत्तर किनाऱ्यावर आहेत आणि मँडरिन समोरच्या हाँगकाँग बेटावर, सेंट्रल या भागात. पोस्टकार्डावर दिसणारी ती इमारतींची रांग आणि मागचा डोंगर म्हणजे हे बेटच. त्यामुळे बेटावर राहिलात तर तुम्ही त्या चित्राच्या आत असता, चित्र तुम्हाला दिसत नाही. ते बघायचं तर झोपायला कौलूनलाच हवं. परीक्षणं लिहिणारे हे सांगत नाहीत, कारण दोन्हीकडून दिसणाऱ्या पाण्याला ते हार्बर व्ह्यूच म्हणतात.

जास्तीचे पैसे कौलूनला जरूर द्या. बेटावर देऊ नका, निदान मी तरी देणार नाही.

---

भटकभवानी

खिडकीवाल्यांशी अर्धी सहमत. ते चित्र फुकट दिसतं हो! कौलूनमधल्या चिम शा चुई भागाच्या किनाऱ्यावर सरळ, सपाट फरसबंदी आहे. रात्री ८ वाजता दिव्यांचा खेळ असतो, बाकावर बसून बघा. खोलीच्या खिडकीतून तोच देखावा बघायला एवढे पैसे घालवण्यापेक्षा साधी खोली घ्या आणि उरलेल्यात आईंना पाहिजे तिथे टॅक्सीने फिरवा.

---

खिडकीवाला

भटकभवानी, तुमचं-माझं ठीक आहे. पण ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना रोज संध्याकाळी खाली उतरवून गर्दीत उभं करणार का? त्या दोघांनी खोलीत चहा घेत ते बघावं, त्यासाठीच तर हा खर्च आहे.

---

उंबरठा

रिट्झबद्दल एक गोष्ट कोणीतरी सांगायलाच हवी. हे हॉटेल आयसीसी या ४८४ मीटर उंच इमारतीच्या १०२ ते ११८ मजल्यांवर आहे. स्वागतकक्षच १०३व्या मजल्यावर. लिफ्टमध्ये कानांना दडे बसतात. आकाश मोकळं असेल तर दृश्याला तोड नाही, विमानाच्या खिडकीत बसल्यासारखं वाटतं.

पण तुम्ही मार्चअखेरीस जाताय. वसंतात तिथे दमट हवा आणि धुकं असतं, आणि एवढ्या उंचीवर खिडकीबाहेर दिवसच्या दिवस पांढरं पांढरं असू शकतं. खाली रस्त्यावर सगळं स्वच्छ, वर मात्र ढगात. ऑक्टोबर-डिसेंबर असता तर मी डोळे मिटून रिट्झ म्हटलं असतं.

शिवाय खाली उतरलं की एलिमेंट्स मॉल आणि कौलून स्टेशन. एअरपोर्ट एक्सप्रेससाठी (विमानतळाची रेल्वे) झकास, पण दाराबाहेर पडून रमतगमत फिरण्यासारखा तो भाग नाही.

---

केतकीबन

धुक्याचं डोक्यातच नव्हतं! तारखा बदलता येणार नाहीत, भावाची रजा मंजूर झालीये. म्हणजे रिट्झ बाद. आता पेनिन्सुला की मँडरिन?

---

चौकस_आजोबा

बाबांना जुन्या वास्तू आवडतात म्हणता, मग पेनिन्सुला. १९२८चं हॉटेल. तेव्हा समोरच रेल्वेचं शेवटचं स्थानक होतं. स्थानक पुढे पाडलं, त्याचा घड्याळाचा मनोरा तेवढा पाण्याकाठी उभा आहे. डिसेंबर १९४१मध्ये ब्रिटिश गव्हर्नरने जपान्यांपुढे शरणागती पत्करली ती याच हॉटेलात. तो नाताळचा दिवस होता. लॉबीत बसून बाबांना हे सांगा, चहा निवेपर्यंत ते उठणार नाहीत.

आणि कौलूनहून बेटावर नेणाऱ्या स्टार फेरी या बोटीत त्यांना नक्की बसवा. १८८८मध्ये ही फेरी कंपनी सुरू केली दोराबजी नौरोजी मिठाईवाला या पारशी गृहस्थाने. धक्का हॉटेलपासून चालत काही मिनिटांवर.

---

सहज_सुचलं

मँडरिनची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेते. १९६३चं हॉटेल, म्हणजे तेही काही कालचं नाही. तिथून पादचारी पुलाने थेट प्रिन्सेस बिल्डिंगमध्ये जाता येतं आणि सेंट्रलमधल्या कितीतरी इमारती अशाच पुलांनी जोडलेल्या आहेत. पाऊस आला तरी भिजायला नको, रस्ता ओलांडायला नको. खरेदी आणि खाणं हा बेत असेल तर मी मँडरिनच घेईन. मात्र खिडकीतून पाणी बघायची आस असेल तर खिडकीवाला म्हणतात ते खरं आहे. उंच शेजारी आणि भराव घालून पुढे सरकलेला किनारा, यांमुळे १९६३मध्ये दिसायचं ते आता दिसत नाही.

बाबांच्या जेवणाचं: दोन्हीकडे सोय होईल, पण पेनिन्सुलाहून नेथन रोडने थोडं वर गेलं की चुंगकिंग मॅन्शन्स. इमारतीचं रूप बघून घाबरू नका, आत भारतीय खाणावळी आहेत. एवढ्या महागड्या हॉटेलात राहून तिथे डाळभात खायला जाण्यात एक वेगळीच मजा आहे.

---

आकडेमोड

पेनिन्सुला घेणार असाल तर तीन गोष्टी बघा.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: हॉटेलचे दोन भाग आहेत, १९२८ची मूळ इमारत आणि मागे १९९४मध्ये बांधलेला ३० मजली मनोरा. मूळ इमारत ठेंगणी आहे आणि तिच्या पुढ्यात अंतराळ संग्रहालय आणि सांस्कृतिक केंद्र येऊन बसलंय. हार्बर हवं तर मनोऱ्यातलीच खोली, तीही वरच्या मजल्यावरची. खोलीच्या नावात "हार्बर" असून भागत नाही. ईमेल करून विचारा: मनोरा का, कितवा मजला, खिडकी पाण्याला समोरासमोर आहे की कोपऱ्यातून. उत्तर लेखी घ्या.

दुसरी: त्यांच्या संकेतस्थळावरून थेट आरक्षण केलं तर सकाळी ६ला खोली मिळते आणि रात्री १०ला सोडता येते, अशी सवलत आहे. पहाटे उतरणाऱ्या आईबाबांसाठी हे कुठल्याही फुकट न्याहारीपेक्षा मोलाचं. अटी वाचा, बाहेरच्या ॲपवरून केलेल्या आरक्षणाला ती लागू नाही.

तिसरी: दिसणाऱ्या दरावर १०% सेवाशुल्क आणि जानेवारी २०२५पासून ३% सरकारी कर लागतो. तुलना करताना सगळीकडची शेवटची रक्कम धरा. काही ॲप पहिल्या पानावर करासकट दाखवतात, काही नाही, आणि स्वस्त वाटणारं तिथेच महाग होतं.

---

भटकभवानी

रोझवूडचं नाव कोणी काढलं नाही ते! २०१९चं, कौलूनलाच, अगदी पाण्यावर, आणि २०२५च्या जगातल्या ५० सर्वोत्तम हॉटेलांच्या यादीत पहिलं. नवंकोरं हवं असणाऱ्यांनी तिकडे बघावं.

---

केतकीबन

भटकभवानी, आता नवीन नाव नको, भाऊ मला फोन करायचा थांबेल! बाबांना नवंकोरं नकोच आहे.

ठरलं: पेनिन्सुला. आकडेमोड यांचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे ईमेलमध्ये टाकून पाठवलेत. आईबाबांना मनोऱ्यात हार्बरची खोली, आम्हा भावंडांना सगळ्यात स्वस्त असेल ती. सगळ्यांचे मनापासून आभार.

एक शेवटचं: विमानतळावरून पेनिन्सुलाची ती हिरवी रोल्स-रॉइस गाडी मागवावी का?

---

आकडेमोड

वेगळे पैसे पडतात, आणि टॅक्सीही तुम्हाला त्याच दारात सोडते. पण लग्नाचा ५०वा वाढदिवस आहे. येताना नको, पहाटे सगळे पेंगत असतील. परतीच्या दिवशी सांगा. आणि हो, भारतीय पासपोर्टवर जाण्याआधी ऑनलाइन पूर्वनोंदणी करावी लागते. ती फुकट आहे, चौघांचीही आत्ताच करून टाका.