थारला लिफ्ट करूनही मोठे टायर घासतात, अजून उचलायची की कापायचं?

घाटवाटेचा_भिडू
कुणी म्हटलं टायर घासतोय की लगेच दहा जण सांगतात अजून एक इंच उचल. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. २०२० नंतरची थार घ्या, अठरा इंची अलॉयवर कंपनीकडून २५५/६५ येतो (रुंदी २५५ मिमी, बाजूची उंची त्याच्या ६५ टक्के), टायरची एकूण उंची साधारण ७८९ मिमी. लोक त्यावर २८५/६५ चढवतात, तो ८२८ च्या आसपास. म्हणजे चाकाच्या मध्यापासून वर २० मिमी वाढला आणि रुंदी ३० ने वाढली. दोन इंच लिफ्ट म्हणजे ५० मिमी, हिशेबाने घासायलाच नको ना? तरी घासतो, कारण स्प्रिंगवर ठोकळा बसवून केलेली स्पेसरवाली लिफ्ट फक्त गाडी उभी असताना जागा दाखवते, बंपस्टॉप (चाकाची वर जायची हद्द ठरवणारा रबरी ठोकळा) जुन्याच जागी असेल तर खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर चाक आधी जिथवर वर जायचं तिथवरच जाणार, फक्त आता ते मोठं आहे. आणि स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा कोपरा पुढे बंपरच्या खालच्या टोकाला आणि मागे लायनरला, म्हणजे चाकाच्या खोबणीतल्या प्लास्टिकच्या अस्तराला लागतो, त्यात उंचीचा संबंध थोडाच. माझं मत सरळ आहे, आधी लायनर आणि बंपरचा कोपरा ट्रिम करा, मग अलॉयचा ऑफसेट (चाक किती आत-बाहेर बसतं ते) बघा, तरी लागला तर बंपस्टॉप. दुसऱ्या लिफ्टचे पैसे डिझेलला ठेवा.

कोकणी_माणूस
नवीकोरी गाडी कापायची? लायनर काय शोभेला लावलाय का? पावसाळ्यात आमच्याकडे या, लाल चिखल त्या कापलेल्या जागेतून आत जाऊन असा बसतो की वॉशिंगवाल्याचा प्रेशरसुद्धा तिथे पोचत नाही, मग दोन वर्षांनी गंज शोधत बसा. त्यापेक्षा २६५/६५ टाका ना, उंची अवघी १३ मिमीने वाढते, दिसायला दणकट, आणि घासलाच तर कुठेतरी जरासा. सगळ्यांना २८५ कशाला पाहिजे तेच कळत नाही.

घाटवाटेचा_भिडू
दादा कापायचं म्हणजे भगदाड पाडायचं असं कुठे म्हटलं मी. लायनर प्लास्टिकचा आहे, हीट गनने गरम करून मागे दाबला तर बऱ्याचदा तेवढ्यावरच भागतं, ब्लेड लावायचीसुद्धा वेळ येत नाही. फक्त दाबण्याआधी क्लिपा काढून मागे हात घालून बघायचं, वायरिंग जात असेल तर ते आधी बाजूला बांधून घ्यायचं. २६५ बद्दल भांडण नाही, ज्याला चालतो त्याने तोच घ्यावा.

थार_आणि_फरार
एवढं डोकं कशाला लावताय राव, ३० मिमीचे स्पेसर टाका चाकाला, म्हणजे चाक बाहेर सरकवणाऱ्या चकत्या, माझं घासणं एका दुपारात बंद.

घाटवाटेचा_भिडू
तुझं आतल्या बाजूला घासत असणार भावा, सस्पेन्शनच्या आर्मला नाहीतर अँटीरोल बारच्या दांडीला. तिथे चाक बाहेर काढलं की सुटतं, मान्य. पण बंपरला लागत असेल तर स्पेसरने उलट वाढतं, कारण चाक जितकं बाहेर तितकं वळताना ते मोठा घेर घेऊन फिरतं. वर बेअरिंगवर लोड येतो तो वेगळाच. म्हणून आधी कुठे लागतंय ते बघा ना! टायरच्या कडेला आणि खांद्यावर खडू जाड फासा, एक पुढचं चाक दगडावर चढवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, मग टॉर्च घेऊन खाली शिरा. जिथे पांढरा पट्टा उमटला तेवढीच जागा तुमची. हे न करता गॅरेजवाला जे सांगेल ते बसवत सुटतात लोक.

नियमाने_चाला
कुणी कायद्याचं बोलतच नाहीये. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. त्याच वर्षीच्या कायद्याच्या दुरुस्तीत कलम १८२ए आलं, प्रत्येक बदलाला ५००० दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. अपघात झाला तर क्लेमच्या वेळी विमावाला आधी काय बघेल ते तुम्हीच सांगा. आणि २८५ वर स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा तुम्ही १०५ ला असता, कॅमेऱ्याला हे समजावून बघा.

थार_आणि_फरार
आला साहेबांचा तास 😄

कोकणी_माणूस
हसू नको, बरोबर बोलतायत ते. ब्रेकचं पण बघा, टायर जड झाला की उताराला पेडल दाबल्यावर फरक कळतो. घाटात हौस महागात पडते.

सह्याद्री_४x४
मला बंपस्टॉपचं पटलं नाही. जाड बंपस्टॉप टाकला की चाक वर जायचं थांबलं, मग खडकाळ वाटेवर दुसरं चाक हवेत लटकणार. म्हणजे मोठे टायर घेतले ऑफरोडसाठी आणि ऑफरोडची चालच मारून टाकली. याच्यापेक्षा चार मिलिमीटर प्लास्टिक गेलेलं परवडलं. आणि पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे हे लक्षात ठेवा, लिफ्ट वाढवाल तसा सीव्ही जॉइंटचा (इंजिनची ताकद चाकाला देणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा) कोन वाढतो, त्यावरचे रबरी बूट फाटले की ग्रीस बाहेर आणि माती आत. लिफ्टनंतर अलाइनमेंट तर करायचीच, कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा पुढेमागे कल) जरा हललं तरी चाक त्याच्या खोबणीत पुढेमागे सरकतं, कधीकधी तेवढ्यानेच मागच्या बाजूचं घासणं जातं. तेव्हा बंपस्टॉप शेवटचा, आणि तोही पातळ.

घाटवाटेचा_भिडू
शेवटी ठेवायचा हेच तर वर लिहिलंय की! पण वळणात नाही आणि फक्त खड्ड्यात लागत असेल तर काय करणार, तिथे लायनर कितीही दाबा, वर पत्राच आहे. पत्र्याने टायरचा खांदा कापण्यापेक्षा सस्पेन्शनची थोडी चाल गेलेली बरी.

सह्याद्री_४x४
मग २८५ उतरवा आणि २६५ घाला. कोकणी माणूस पहिल्यापासून तेच सांगतोय.