मदत हवी आहे: रत्नागिरी, कुडाळ, अलिबागच्या एमडीए आकड्यांत मेळ बसत नाही

मधुमेही रुग्णांतल्या ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसवर (पेशींना होणाऱ्या ऑक्सिडेशनच्या इजेवर) तीन ठिकाणी मिळून काम चालू आहे. त्यासाठी रक्तातलं एमडीए, म्हणजे लिपिडच्या (चरबीच्या) ऑक्सिडेशनमधून तयार होणारं मॅलोनडायल्डिहाइड, मोजतो. पद्धत सगळीकडे एकच. ईडीटीए (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत रक्त, ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, प्लाझ्मात लगेच बीएचटी (ऑक्सिडेशन रोखणारं रसायन), मग टीबीए (एमडीएशी मिळून गुलाबी रंग देणारं रसायन) घालून ९५ अंशांवर १ तास आणि ५३२ नॅनोमीटरला रंगाचं वाचन. तरी कुडाळचे आकडे चढेच येतात, पावसाळ्यात तर जास्तच.

आमचा पहिला संशय हेमोलिसिसवर, म्हणजे लाल पेशी फुटण्यावर आहे. कुडाळला गावोगावचं अख्खं रक्त गाडीतून खड्डे खात येतं. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन ५४० च्या आसपास प्रकाश शोषतं, शिवाय त्यातलं लोह तापवताना लिपिडचं ऑक्सिडेशन वाढवतं. बीएचटी ते पूर्ण थोपवत नाही. दुसरा संशय वीज गेल्यावर वितळून पुन्हा गोठलेल्या नमुन्यांवर. उणे २० वर तर ऑक्सिडेशन हळूहळू चालूच राहतं.

म्हणून विचारतो: फ्लुओरेसन्स डिटेक्टरचं एचपीएलसी (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) कुणाकडे आहे का? २० नमुने ताडून पाहायचे आहेत, नावं नाहीत, फक्त कोड. एकाच मिश्र प्लाझ्माचे २०० मायक्रोलिटरचे भाग तिन्हीकडे कंट्रोल म्हणून पाठवायचे आहेत, त्यासाठी सिंधुदुर्गात ड्राय आइस कुठे मिळेल? आणि प्लाझ्मा गावातच वेगळा करायला बॅटरीवर चालणारं सेंट्रिफ्यूज कुणी वापरलंय का?